गाडी दुसऱ्याची, माल आपला

वाहतुकीचं आणि गोदामाचं काम बाहेरच्या कंपनीकडे सोपवावं का, आणि सोपवलं तर कसं, याबद्दल पुणे परिसरातल्या लहान-मध्यम कारखानदारांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सहा इथे घेतले आहेत. उत्तरांत दिलेले खर्चाचे आणि भाड्याचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यासाठी आहेत. त्या जागी आपापले घालावेत.

प्रश्न : भोसरीत आमचं मशीनिंगचं युनिट आहे. स्वतःचे दोन चौदा फुटी टेम्पो आहेत. बाहेरगावचा माल निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीतल्या तीन-चार ट्रान्सपोर्टरांमार्फत जातो, महिन्याला भाडं साधारण सहा लाख. एका थ्रीपीएल (दुसऱ्यांचं वाहतुकीचं आणि गोदामाचं काम कंत्राटावर करणाऱ्या) कंपनीचा माणूस 'सगळंच आमच्याकडे द्या' म्हणतो आहे. द्यावं का?

सगळं देऊ नका. टेम्पो ठेवायचे की काढायचे हा एक प्रश्न आहे आणि बाहेरगावचा माल कुणी न्यायचा हा दुसरा. विकणारा दोन्ही एकत्र करून दाखवतो, तुम्ही वेगळे ठेवा.

आधी टेम्पो. एका टेम्पोचा महिन्याचा स्थिर खर्च असा मांडा : हप्ता किंवा घसारा ३२,०००, चालक २२,०००, मदतनीस १४,०००, विमा ४,०००, टायर आणि दुरुस्ती ७,०००. एकूण ७९,०००. भोसरी-चाकण-भोसरी आणि मधली वळणं धरून एक फेरी ७० किलोमीटरची समजा. लिटरला ८ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर फेरीला सुमारे ७८८ रुपये जातात. महिन्याच्या २६ दिवसांत रोज एकच फेरी झाली तर ती ३,८२६ रुपयांना पडते. रोज दोन झाल्या तर २,३०७. बाहेरची गाडी हीच फेरी २,७०० ला करत असेल, तर दिवसाला दोन फेऱ्या होणारा टेम्पो ठेवा आणि दुसरा काढा. बहुतेक कारखान्यांत पहिला टेम्पो पुरेपूर चालतो आणि दुसरा 'असावा हाताशी' म्हणून उभा असतो. शिवाय चाकणच्या तळेगाव चौकात शिफ्ट सुटायच्या वेळी अडकलेली गाडी दुसरी फेरी करू शकत नाही. म्हणजे फेऱ्यांचा प्रश्न पुष्कळदा गाडी सकाळी किती वाजता गेटबाहेर पडते यावरच सुटतो.

आता बाहेरगावचा माल. सहा लाखांचं काम मोठ्या थ्रीपीएल कंपनीला फारसं मोलाचं नसतं. ती तुमच्यासाठी वेगळा माणूस बसवणार नाही. निगडीतल्या त्याच ट्रान्सपोर्टरांकडून गाड्या घेईल आणि वर आपला वाटा लावेल. तुमच्या आकारमानाला स्वतःच्या गाड्या असलेले दोन ट्रान्सपोर्टर लेखी दरावर बांधून घेणं जास्त फायद्याचं. थ्रीपीएल कामाला येते ती वेगळ्या ठिकाणी : दहा-बारा पुरवठादारांकडून एकाच गाडीने ठरलेल्या वेळांना भाग गोळा करायचे असतात तेव्हा, रिकाम्या क्रेट आणि ट्रॉल्या परत आणून त्यांचा हिशेब ठेवायचा असतो तेव्हा, किंवा दोन-तीन राज्यांत गोदामं असतात तेव्हा.

कुणाशीही बोलण्याआधी मागच्या सहा महिन्यांची एक वही करा : तारीख, ठिकाण, गाडीचा प्रकार, काट्यावरचं प्रत्यक्ष वजन, भाडं, आणि भाड्यावर वेगळं दिलेलं हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे) आणि हमाली. मशीनिंगचा माल जागेआधी वजनाने गाडी भरतो. बत्तीस फुटी कंटेनरची अर्धी पोकळी रिकामी नेत असाल, तर वीस फुटी ट्रकात तोच माल कमी भाड्यात जाईल. ही बचत वही लिहिणाऱ्याला फुकट दिसते आणि थ्रीपीएलवाला तीच 'आमच्या तंत्रज्ञानाने' करून दिली म्हणून विकतो.

प्रश्न : आम्ही चाकणचे. गेल्या वर्षी टेंडर काढून सर्वांत कमी दराच्या लॉजिस्टिक्स कंपनीला बंगळूर, चेन्नई आणि गुरुग्रामचं काम दिलं. तीन महिने बरं चाललं. आता गाडी वेळेवर लागत नाही, महिनाअखेरीला तर लागतच नाही. करारात काय राहून गेलं?

फार कमी दर आला की तो बहुधा परतीच्या मालावर काढलेला असतो. बंगळूरहून किंवा चेन्नईहून पुण्याचा माल मिळेल असं धरून त्यांनी जायचं भाडं पाडलं. परतीला माल मिळाला नाही की त्यांच्या दृष्टीने तुमची फेरी तोट्यात गेली. मग गाडी 'पंक्चर' होते, 'घाटात अडकते'.

महिनाअखेरीचं कारण आणखी साधं आहे. चाकण, तळेगाव, रांजणगाव, सणसवाडी इथले सगळे कारखाने शेवटच्या आठवड्यात एकदम बिलं फाडतात. त्या दिवसांत बाजारातलं भाडं करारातल्या दरापेक्षा वर जातं आणि तुमच्यासाठी ठरलेली गाडी शेजारच्या कारखान्याच्या गेटवर लागते. दिवाळी, होळी आणि छठच्या आसपास चालक गावी जातात तेव्हाही हेच होतं. यावर दंडाचं कलम फारसं चालत नाही. चालतं ते दोन बाजूंनी बांधलेलं वेळापत्रक : तुम्ही दर शुक्रवारी पुढच्या आठवड्याचा मार्गवार अंदाज द्यायचा, गाडीची मागणी २४ तास आधी पक्की करायची, आणि त्यांनी अंदाजाच्या अमुक टक्के गाड्या द्यायच्याच. महिन्याचा बहुतांश माल शेवटच्या आठ दिवसांत काढण्याची सवय मोडली नाही, तर कुठलाही करार तुम्हाला वाचवणार नाही. हा दोष वाहतूकदाराचा नाही.

कामाची वाटणीही बदला. प्रत्येक मार्गावर एकालाच सगळं देण्यापेक्षा ७०:३० असे दोघे ठेवा. पहिला चुकला तर पुढच्या तिमाहीत वाटणी उलटी होईल असं लिहा. दंडापेक्षा हे जास्त बोचतं. निवडताना दर विचारण्याआधी स्वतःच्या आणि कायम जोडलेल्या गाड्यांची यादी नंबरांसह मागा. यादीतल्या दहा नंबरांची मालकी, फिटनेस, परमिट आणि विमा परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर तपासा. 'आमच्या पाचशे गाड्या' म्हणणाऱ्याच्या नावावर सात निघतात, असंही असतं.

डिझेलचं कलम टक्क्यांत लिहू नका, लिटरमध्ये लिहा. पुणे ते बंगळूर सुमारे ८४० किलोमीटर. बत्तीस फुटी मल्टिअ‍ॅक्सल गाडी भरलेल्या अवस्थेत लिटरला ४ किलोमीटर देते असं दोघांनी मान्य केलं, तर फेरीला २१० लिटर. पायाभूत डिझेल ९० रुपये आणि भाडं ४२,००० ठरलं. डिझेल ९४ झालं की वाढ २१० गुणिले ४, म्हणजे ८४० रुपये. विषय संपला. 'भाड्याच्या ४० टक्के डिझेल' हे नेहमीचं सूत्र लावलं तर ७४७ रुपये येतात, कारण इथे डिझेलचा प्रत्यक्ष वाटा ४५ टक्के आहे. उरलेले ९३ रुपये कुणी सोसायचे यावर दर महिन्याला वाद. एका तेल कंपनीचा पुण्यातला डिझेलचा दर कोणत्या तारखेचा धरायचा, किती रुपयांच्या फरकानंतर कलम लागू होणार, आणि डिझेल उतरलं तर भाडंही उतरणार, हे तिन्ही लिहा. तिसरं बहुतेक करारांत 'विसरलेलं' असतं.

हॉल्टिंगबद्दल आमचं मत वाचकाला आवडणार नाही. गाडी सकाळी दहाला बोलवायची, बिल संध्याकाळी पाचला तयार, माल रात्री नऊला भरला, आणि मग ती उशिरा पोहोचली म्हणून दंड! गेटवर आत-बाहेरची वेळ एलआरवरच (वाहतूकदार माल घेतल्याची देतो त्या लॉरी रिसीटवरच) लिहून सही घ्यायची पद्धत लावा. भरायला सहा तास, उतरवायला चोवीस तास मोफत, त्यानंतर गाडीच्या प्रकारानुसार दिवसाचा दर, असं स्पष्ट असलं की दोन्हीकडच्या सबबी संपतात. गाडी लागली नाही तर बाजारातून घेतलेल्या गाडीचा प्रत्यक्ष जादा खर्च त्यांच्या बिलातून कापावा. ग्राहकाची उत्पादनाची लाइन थांबली म्हणून त्याने तुमच्या नावे टाकलेला डेबिट मात्र त्यांच्या माथी मारता येईल अशी आशा नको. तुटपुंज्या नफ्यावर चालणारा वाहतूकदार असं कलम एक तर सही करणार नाही, किंवा सही करून पाळणार नाही.

पैशांचं वेळापत्रक दरातच मुरलेलं असतं. बाजारातल्या गाडीला माल भरताना मोठी रक्कम आगाऊ द्यावी लागते, डिझेल आणि टोल चालकाच्या हातात लागतो. ती रक्कम तुमची लॉजिस्टिक्स कंपनी भरते. तुम्ही नव्वद दिवसांनी पैसे दिले तर व्याज ती भाड्यात घालते. शिवाय वाहतूकदार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेला असेल, तर एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसताना १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर प्राप्तिकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मान्य होत नाही. बिल अडतं ते बहुधा पोचपावतीपायी, म्हणजे पीओडीपायी. मूळ पीओडी चेन्नईहून येईपर्यंत बिल न घेण्याचा हट्ट सोडा. स्कॅन केलेल्या पीओडीवर बिल घ्या आणि मूळ प्रत तीस दिवसांत न आल्यास ती रक्कम पुढच्या बिलातून थांबवा.

वजनाचंही लिहा. जादा माल भरला तर मोटार वाहन कायद्याने २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. 'दोन पॅलेट अजून बसतील' हे वाक्य तुमच्याच डिस्पॅचचं असतं. काट्याची पावती एलआरला जोडल्याशिवाय गाडी सुटणार नाही, असा नियम दोघांनी पाळावा.

प्रश्न : वाहतुकीच्या बिलावर कुणी ५ टक्के जीएसटी लावतो, कुणी १८, कुणी काहीच नाही. नेमकं काय?

तिन्ही बरोबर असू शकतात. एलआर देणारी ट्रान्सपोर्ट एजन्सी स्वतः कर लावत नसेल, तर ५ टक्के कर तुम्ही रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा घेणाऱ्याने थेट सरकारकडे, भरायचा. तो रोखीच्या लेजरमधूनच भरावा लागतो, पण त्याचं क्रेडिट (आपल्या विक्रीवरच्या करातून वजावट) तुम्हाला मिळतं. एजन्सीने स्वतः कर भरायचा पर्याय घेतला असेल, तर ती क्रेडिट न घेता ५ टक्के किंवा क्रेडिट घेऊन १८ टक्के लावते. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी हा दुसरा दर १२ टक्के होता, त्यामुळे जुने करार तपासा. एलआर न देता नुसती गाडी चालवणाऱ्या मालकाच्या भाड्यावर कर नाही. गोदाम, पॅकिंग, वाहतूक असं एकत्र कंत्राट असेल तर १८ टक्के धरून चला. टीडीएसबद्दल (बिल देताना कापून ठेवायच्या प्राप्तिकराबद्दल) एवढंच : दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या असलेल्या वाहतूकदाराने पॅनसह लेखी घोषणापत्र दिलं तर कपात करायची नसते. घोषणापत्र दर वर्षी नवं घ्या.

प्रश्न : शिरवळहून हुबळीला निघालेला आमचा ट्रक खंबाटकी घाटात उलटला. माल ११ लाखांचा, भाडं १८,०००. लॉजिस्टिक्स कंपनी म्हणते, कायद्याप्रमाणे १ लाख ८० हजारच देऊ. हे खरं आहे का?

बहुधा खरं आहे. 'कॅरेज बाय रोड' कायदा २००७ चा आणि त्याचे नियम २०११ चे. त्यांच्याप्रमाणे माल देताना जादा मूल्य जाहीर करून त्याचा जादा दर मान्य केला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते. एलआरवर बिलाची रक्कम छापलेली असणं आणि जोखमीचा दर ठरवून मूल्य जाहीर करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून मालाचं संरक्षण वाहतूकदारावर सोडायचंच नसतं. त्याच्यासाठी तुमची स्वतःची मरीन ओपन पॉलिसी (ठरलेल्या एकूण रकमेपर्यंत सगळ्या फेऱ्यांच्या मालाला लागणारा विमा) हवी. नावात समुद्र असला तरी ती रस्त्यावरच्या मालालाही लागते.

आत्ता करायच्या गोष्टी घाईच्या आहेत. विमा कंपनीला लगेच कळवा आणि सर्वेक्षक येईपर्यंत माल हलवू नका. फक्त पावसापासून आणि चोरीपासून राखा, घाटात उलटलेल्या गाडीचा माल रात्रीतून नाहीसा होतो. पोलिसांचा पंचनामा घ्या. वाहतूकदाराला लेखी दावा-नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. कायद्याने ती माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते, पण आज पाठवा. ही नोटीस राहिली तर विमा कंपनीचा वाहतूकदाराकडून वसुली करण्याचा हक्क बुडतो आणि ती तुमचा दावा कापते. बिल, एलआर, ई-वे बिल (माल नेताना जीएसटीसाठी ऑनलाइन काढायचं पत्र), वाहतूकदाराचं नुकसानीचं प्रमाणपत्र आणि नोटिशीची पोस्टाची पावती, ही फाइल एका जागी ठेवा.

दावे नाकारले जातात ते ठरावीक कारणांनी. पॉलिसीतली एका गाडीची मर्यादा ओलांडलेली असते. महिन्याच्या विक्रीचं डिक्लरेशन पाठवलेलं नसतं आणि एकूण रक्कम आधीच संपलेली असते.  किंवा मुळात जोखीमच तुमची नसते : विक्री एक्स-वर्क्स अटीवर असेल, तर गेटबाहेर पडलेला माल ग्राहकाचा आणि विमाही त्याने काढायचा. ऑर्डरवरची ही एक ओळ विक्री विभागाशिवाय कुणी वाचत नाही.

आणखी एक खर्च नजरेतून सुटतो. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं. विम्याची रक्कम ठरवताना हे धरलं नसेल तर दावा पूर्ण मिळूनही खिशातून जातं.

एलआर कुणाच्या नावाचा आहे तेही बघा. तुमचा करार एका कंपनीशी, तिने काम दिलं दलालाला, दलालाने गाडी उचलली बाजारातून, आणि एलआर तिसऱ्याच ट्रान्सपोर्टचा. मग कोर्टात प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. एलआर करारबद्ध कंपनीचाच असेल आणि बाजारातली गाडी लावली तरी जबाबदारी तिचीच, असं नव्या करारात घाला. तिच्याकडे वाहतूकदाराच्या दायित्वाची विमा पॉलिसी आहे का, तिची प्रतही मागा.

प्रश्न : वाघोलीतलं आमचं तयार मालाचं गोदाम थ्रीपीएलकडे चालवायला देत आहोत. सुमारे १,२०० प्रकारचा माल आहे. हस्तांतर कसं करावं? माथाडींचं काय?

पहिल्या दिवशीचा साठा दोघांनी मिळून मोजला नाही, तर पुढची दोन वर्षं 'हे आधीपासूनच कमी होतं' ऐकावं लागतं. मोजणीच्या आधीच्या आठवड्यात रॅकच्या प्रत्येक कप्प्याला नंबर लावा. खराब, अडकवलेला आणि ग्राहकाकडून परत आलेला माल वेगळा करा. मग शनिवारी संध्याकाळी आवक-जावक पूर्ण थांबवा आणि आंधळी मोजणी करा, म्हणजे मोजणाऱ्याच्या कागदावर पुस्तकातला आकडा नसावा. आकडा समोर असला की माणूस तोच लिहितो. फरक आलेले कप्पे दुसऱ्या जोडीने पुन्हा मोजायचे, आणि अंतिम पत्रकावर दोघांच्या सह्या झाल्यावरच सोमवारी दार उघडायचं. पुढचे दोन आठवडे तुमचा एक जुना माणूस तिथे राहू द्या. कुठला खोका कुठल्या ग्राहकासाठी वेगळ्या टेपने बांधतात, हे कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नसतं.

नंतर जास्त उलाढालीचा माल दर आठवड्याला, मधला दर महिन्याला, बाकीचा तिमाहीत मोजावा. साठ्यातला फरक बहुतेक वेळा चोरीचा नसतो. आवक नोंदलेली नसते, परत आलेला माल पुस्तकात चढलेला नसतो, किंवा २४ नगांच्या खोक्यातून सुटे काढून खोका तसाच ठेवलेला असतो. किती टक्क्यांपर्यंतचा फरक माफ आणि त्यावरचा कोणत्या किमतीने वसूल, हे आधी ठरवा. आणि साठ्याची, जागांची, ग्राहकांची माहिती दर आठवड्याला साध्या एक्सेलमध्ये तुमच्याकडे आली पाहिजे. कंपनी बदलायची वेळ आली की ही माहितीच ओलीस धरली जाते.

चढ-उताराचं काम करणाऱ्यांना महाराष्ट्र माथाडी, हमाल कायदा १९६९ लागू आहे. नोंदणी माथाडी मंडळात आणि मजुरी, लेव्ही (मजुरीवर मंडळाकडे भरायची जादा रक्कम) मंडळामार्फत. नोंदणीकृत मालक तुम्ही की थ्रीपीएल, हे करारात ठरवा, नाहीतर थकबाकीची नोटीस जागेच्या पत्त्यावर येते. वाहतूकदार 'ज्याचा माल त्याचा हमाल' म्हणतात आणि ते रास्त आहे. चालकाकडून वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे, घेतली जात असेल, तर ती रक्कम पुढच्या दरवाढीत तुमच्याकडेच येते. बाकी कंत्राटी कामगारांसाठी दर बिलासोबत मागच्या महिन्याचं पीएफ आणि ईएसआयचं चलन कामगारांच्या नावांच्या यादीसह घ्या. कंत्राटदाराने भरलं नाही तर वसुली मुख्य मालकाकडून होते.

प्रश्न : काम बाहेर दिल्यावर ई-वे बिल कुणी काढायचं?

भाग 'अ' तुम्ही भरा, कारण बिल, एचएसएन (मालाच्या प्रकाराचा कोड) आणि किंमत तुमची. गाडी नंबरचा भाग 'ब' वाहतूकदाराला त्याच्या ट्रान्सपोर्टर आयडीवरून भरू द्या. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, राज्याबाहेर मात्र मर्यादा ५०,००० आहे. जॉबवर्कसाठी (दुसऱ्याकडून प्रक्रिया करून घेण्यासाठी) परराज्यात जाणाऱ्या मालाला कितीही कमी किंमत असली तरी लागतं. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे गुरुग्रामच्या सुमारे १,४०० किलोमीटरला सात दिवस. ती संपण्याआधी ८ तास ते संपल्यानंतर ८ तास एवढ्याच वेळात वाढवता येते. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला आणि भाग 'ब'मध्ये नवा नंबर चढवला नाही, हे पकडलं जाण्याचं सर्वांत नेहमीचं कारण. दंड कराच्या दुप्पट आहे आणि माल सोडवायला मालकालाच धावावं लागतं. म्हणून नंबर बदलल्याचा निरोप चालकाने दोन्हीकडे, वाहतूकदाराच्या कंट्रोल रूमला आणि तुमच्या डिस्पॅचला, पाठवायचा असं ठरवून तो घेणाऱ्या दोन्हीकडच्या व्यक्तींचे रात्रीचेही फोन नंबर एलआरवर छापून घ्या.